जास्त रनिंग झालेला जुना डिझेल पिकअप घ्यावा का? असं ठरवा

मीटरवर 3 लाख किलोमीटर दिसले की बरेच जण तिथूनच परत फिरतात. मला हे पटत नाही. ताशी सरासरी 75 किलोमीटरने मोठ्या रस्त्यावर पळालेल्या गाडीचं इंजिन तेवढ्या अंतरात 4,000 तास चाललेलं असतं. गर्दीत 30 च्या सरासरीने रखडलेल्या गाडीचं 10,000 तास. काही गाड्यांच्या डिस्प्लेवर इंजिनचे तास दिसतात, ते आधी बघा. दिसत नसतील तर गाडी कोणत्या कामाला होती, हे खोदून विचारा.

त्याआधी स्वतःचं काम तपासा. रोजच्या फेऱ्या चार-पाच किलोमीटरच्याच असतील तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. नव्या डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो. छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही आणि फिल्टर तुंबतो. ओझं वाहायचं असेल, लांब पल्ला असेल, तरच पुढे जा.

मग कागद. सर्व्हिसची बिलं तारखेप्रमाणे लावा. किलोमीटरचा आकडा मध्येच मागे गेला असेल तर मीटर फिरवलेलं आहे. ऑइल वेळेवर बदललेलं दिसलं पाहिजे. टायमिंग बेल्ट असेल तर तो बदलल्याची नोंद शोधा. रनिंग कमी आणि पेडलचं रबर मात्र गुळगुळीत, असं दिसलं तर सावध व्हा.

खरी परीक्षा थंड इंजिनची. मी पोहोचेपर्यंत गाडी चालू करू नका, असं मालकाला आधीच सांगा. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी या. डिझेल ठिणगीने पेटत नाही, दाबून तापलेल्या हवेत पेटतं. त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे हा दाब, उतरलं असेल तर थंड गाडी सुरू व्हायला कुरकुर करते. कधी दोष फक्त ग्लो प्लगचा, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला आत ऊब देणाऱ्या प्लगचा असतो आणि तो स्वस्तात जातो, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका. धूर बघा: निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर डिझेल फवारणाऱ्या नोझलचा दोष असेल किंवा इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जात असेल. गाडी चालू असताना ऑइल भरायचं झाकण सैल करून त्याच जागी उलटं ठेवा. थोडी वाफ चालते. झाकण उडत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्याचा संशय घ्या.

डिपस्टिकवरचं काळं ऑइल बघून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकर काळं होतंच. दुधाळ ऑइल मात्र वाईट, कारण त्यात पाणी शिरलंय. पातळी वरच्या खुणेपेक्षा जास्त आणि डिझेलचा वास, हेही वाईट.

आता गाडीखाली शिरा. चासीवर, विशेषतः स्प्रिंगचे पाटे बसतात तिथे, तडे किंवा नवं वेल्डिंग शोधा. खालून ताजा काळा रंग मारलेला असेल तर तो काय झाकतोय ते खरवडून बघा, अर्थात मालकाला विचारून. इंजिन बदलता येतं, गंजलेली चासी सहसा परवडत नाही.

अर्धा तास तरी चालवा, जमल्यास हौद्यात वजन ठेवून चढावर. वरच्या गिअरमध्ये कमी वेगात ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा; आरपीएम चढले आणि वेग वाढला नाही, तर क्लच सुटतोय. टर्बोतून, म्हणजे इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्यातून, सायरनसारखा आवाज यायला नको. गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावून घ्या. कोड एकही नाही, पण कॉम्प्युटर स्वतःहून करतो त्या तपासण्या अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसले असण्याची शक्यता मोठी.

शेवटी हिशोब. नोझल, डिझेल पंप, टर्बो, क्लच-फ्लायव्हील, काजळीचा फिल्टर यांचे भाव त्याच मॉडेलसाठी मेकॅनिककडून काढून घ्या. कॉमन रेल, म्हणजे एकाच नळीतून सगळ्या नोझलना जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या, बऱ्याच गाड्यांत डिझेलचा दाब 1,500 बारच्याही वर जातो, त्यामुळे बारीकसा कचराही नोझल-पंपाला महागात पडतो. यातली दोन मोठी कामं पहिल्याच वर्षी निघतील असं धरा. तो खर्च मिळवूनही गाडी कमी रनिंगच्या तशाच गाडीपेक्षा बरीच स्वस्त पडत असेल, तर बोलणी सुरू करा. मालक थंड इंजिन दाखवायला किंवा तुमच्या मेकॅनिकला बोलवायला नाही म्हणाला, तर भाव कितीही उतरवला तरी ती गाडी घेऊ नका.