एआय क्रॉलर अडवायचे की येऊ द्यायचे? ऑनलाइन दुकानदारांनो, या चुका टाळा

लालबागचे मसाले, दादरच्या साड्या, गिरगावातून परदेशी जाणारा दिवाळीचा फराळ. मुंबईतल्या कितीतरी मराठी दुकानांची आता स्वतःची वेबसाइट आहे, आणि ती चालवणारे एकच प्रश्न विचारतात: हे एआयचे बॉट (म्हणजे क्रॉलर, आपोआप पानं वाचत फिरणारे प्रोग्राम) साइटवर येतात, त्यांना बंद करून टाकू का? प्रश्न रास्त आहे. पण एका शब्दात उत्तर घेऊन कामाला लागलं की गिऱ्हाईक तुटतं, आणि ते का तुटलं हे कळायला महिने जातात.

सगळे बॉट एकाच रांगेत बसवणं

सर्वांत मोठी चूक ही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचेच तीन मुख्य बॉट आहेत. जीपीटीबॉट एआय मॉडेलच्या प्रशिक्षणासाठी, म्हणजे त्याला शिकवण्यासाठी, मजकूर गोळा करतो. ओएआय-सर्चबॉट चॅटजीपीटीच्या शोधात तुमचं पान दिसावं यासाठी येतो. चॅटजीपीटी-यूझर हा एखाद्या माणसाने प्रश्न विचारला की त्याच्या वतीने पान उघडून बघतो. क्लॉड हा एआय बनवणाऱ्या अँथ्रॉपिकचंही तसंच: क्लॉडबॉट, क्लॉड-सर्चबॉट आणि क्लॉड-यूझर.

आता न्यू जर्सीतल्या कुणी विचारलं, ‘मुंबईहून अनारसे आणि चकली कोण पाठवतं, दिवाळीआधी पोचेल का?’ तुम्ही पाठवता, पण सर्च आणि यूझर हे दोन्ही बॉट अडवले असतील तर तुमचे दर आणि पोचवण्याची मुदत त्या उत्तरात येण्याची शक्यता फार कमी होते. तिथे कुठल्यातरी मोठ्या पोर्टलवरचं पान दिसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की माल विकणाऱ्याने शोधाचे आणि गिऱ्हाइकाच्या वतीने येणारे बॉट उघडे ठेवावेत.

प्रशिक्षणाच्या बॉटचा निर्णय मात्र तुमच्या साइटवर काय आहे यावर ठरतो. नुसती नावं, वजनं आणि किमती असतील तर लपवण्यासारखं काही नाही. पण स्वतः काढलेले फोटो, विणकरांसोबत तयार केलेली डिझाइन्स, आजीच्या हातची मसाल्याची प्रमाणं सविस्तर लिहिलेली असतील, तर तो कष्टाचा ऐवज आहे. तो प्रशिक्षणाला द्यायचा नाही असं ठरवण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, आणि तेवढ्याने शोधातली जागा गमवावी लागत नाही.

एआय नको म्हणून गूगललाच अडवणं

गूगल-एक्स्टेंडेड हा वेगळा क्रॉलर नाही. रोबोट्स फाइलमध्ये (robots.txt, कोणत्या बॉटने कुठे यावं हे सांगणारी साइटवरची फाइल) लिहायचं ते एक नाव आहे, गूगलच्या जेमिनी एआयला तुमचा मजकूर वापरू द्यायचा की नाही हे सांगणारं, गूगलने २०२३ मध्ये आणलेलं. ते बंद केलं तर गूगल शोधातल्या तुमच्या क्रमावर परिणाम होत नाही. पण शोधाच्या वर दिसणारा एआय सारांशही त्याने थांबत नाही, कारण त्यासाठी लागणारी पानं गूगल शोधासाठी येणारा नेहमीचा गूगलबॉटच वाचतो. हे लक्षात आल्यावर काही जण चिडून गूगलबॉटच बंद करतात. मग शोधातून पानं घसरतात, शिवाय मर्चंट सेंटरमधली (गूगलवर माल दाखवण्यासाठी दुकानदार जिथे यादी देतात) उत्पादनं नामंजूर होऊ लागतात. असं झालं असेल तर आधी रोबोट्स फाइल दुरुस्त करा आणि सर्च कन्सोल या गूगलच्या मोफत साधनातून महत्त्वाची पानं पुन्हा तपासायला पाठवा.

रोबोट्स फाइलला कुलूप समजणं

ही पद्धत १९९४ पासूनची आहे आणि २०२२ मध्ये ती प्रस्तावित इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तरी ती आजही विनंतीच आहे. पाळणारे पाळतात, न पाळणारे सरळ आत येतात. आणि ही फाइल कुणालाही वाचता येते. घाऊक दरांच्या यादीचा पत्ता ‘इथे येऊ नका’ म्हणून तिच्यात लिहिला, तर तो तुम्हीच जगजाहीर केला. असं पान लॉगिनच्या मागे ठेवा.

बॉटचं नावही खोटं असू शकतं. लॉगमध्ये, म्हणजे साइटवर कोण आलं याच्या नोंदीत, जीपीटीबॉट लिहिलेलं दिसलं म्हणून तो ओपनएआयचाच असं धरून चालू नका. ओपनएआय आपल्या बॉटचे आयपी पत्ते (इंटरनेटवर यंत्र ओळखण्याचे आकडे) प्रसिद्ध करतं, त्यांच्याशी ताडून पाहा. जुळत नसेल तर तो पत्ता फायरवॉलमध्येच, म्हणजे साइटच्या दारावरच्या पहाऱ्यात, अडवा.

वेगळा गट लिहून सामान्य नियम विसरणं

ही चूक जाणकारही करतात. रोबोट्स फाइलमध्ये तारांकित चिन्हाखाली (*) सर्वांसाठी नियम असतात: कार्ट, चेकआउट, माझं खातं बंद. मग कुणीतरी ओएआय-सर्चबॉटसाठी स्वतंत्र गट करून ‘सगळं खुलं’ असं लिहितं. त्या क्षणापासून तो बॉट फक्त स्वतःचा गट वाचतो, सर्वांसाठीचे नियम त्याला लागू राहत नाहीत. कार्ट आणि खात्याचे नियम प्रत्येक स्वतंत्र गटात पुन्हा लिहावे लागतात. फाइलही प्रत्येक सबडोमेनची (मुख्य पत्त्याआधी shop. असं नाव जोडलेल्या भागाची) वेगळी असते, मुख्य साइटवरची फाइल शॉपच्या सबडोमेनला चालत नाही. बॉटची नावं रोमन लिपीतच, त्या कंपनीच्या मदत-पानावरून कॉपी करून घ्या.

साइट मंदावली की दोष फक्त एआयला देणं

खरा घोळ बहुतेकदा फिल्टरमध्ये असतो. साडीच्या एका विभागात १२ रंग, ६ प्रकारचं कापड, ५ किंमत-टप्पे आणि क्रम लावायच्या ४ पद्धती असतील, तर नुसत्या जोड्या लावून पानांचे १,४४० वेगळे वेब-पत्ते तयार होतात. माल तोच. क्रॉलर एकेक पत्ता उघडत बसतो आणि तुमचं छोटं होस्टिंग दमतं. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसवर दुकान चालवण्याचं साधन) ‘कार्टमध्ये टाका’ हीसुद्धा साधी लिंक असू शकते, बॉट ती उघडतो आणि सर्व्हर उगाच नवनव्या कार्ट मांडत राहतो. हे दोन्ही प्रकारचे पत्ते सगळ्याच बॉटना बंद करा. त्यानंतरही एखादा अति करत असेल तर ४२९ हा प्रतिसाद (‘विनंत्या फार झाल्या’ असं सांगणारा कोड) देऊन त्याचा वेग रोखा. उत्पादनाची मूळ पानं मात्र खुली राहू द्या.

न बघता बटण दाबणं, किंवा दाबलेलं न बघणं

अनेक साइटच्या पुढे राहून त्यांना सुरक्षा आणि वेग देणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीने जुलै २०२५ पासून नव्या डोमेनसाठी एआय क्रॉलर अडवणं हीच मूळ सेटिंग केली. साइट बनवून देणाऱ्याने ती तशीच ठेवली असेल, तर तुमच्या नकळत निर्णय झालेला आहे. आजच डॅशबोर्ड उघडून बघा. शॉपिफाय या ऑनलाइन दुकानाच्या सेवेवर रोबोट्स फाइल थीमच्या टेम्पलेटमधून बदलता येते, तिथे कुणी जुना नियम टाकून ठेवलाय का तेही पाहा.

बदल केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका, नवी फाइल लक्षात घ्यायला बॉटना साधारण एक दिवस लागतो. चॅटजीपीटीच्या शोधातून आलेल्या गिऱ्हाइकाने उघडलेल्या पानाच्या वेब-पत्त्यात यूटीएम सोर्स (तो कुठून आला हे सांगणारी खूण) म्हणून चॅटजीपीटीचं नाव असतं. साइटच्या भेटी मोजणाऱ्या अ‍ॅनालिटिक्समध्ये तेवढ्यांची वेगळी नोंद ठेवा, आणि भेटींपेक्षा त्यांच्या ऑर्डरी मोजा. फराळाचा धंदा असेल तर हे सगळं नवरात्राआधी उरकून घ्या. परदेशातल्या ऑर्डरी लवकर सुरू होतात, आणि त्या दिवसांत रोबोट्स फाइलला हात लावू नये.