विरामचिन्हे शिकवण्याआधी संवाद ऐकवावा

पाचवी ते सातवीच्या मुलांना विरामचिन्हांचा तक्ता पाठ करायला लावण्यापूर्वी, घरी किंवा केळीच्या बागेत कानावर पडलेले चार वाक्यांचे बोलणे एकही चिन्ह न देता वहीत उतरवून आणायला सांगावे. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल या केळीच्या परिसरातील वर्गात ‘घड कापू नको थांब’ एवढी एकच ओळ फळ्यावर लिहिली, तरी तासभर पुरते. ‘घड कापू नको, थांब.’ असे वाचले तर एकच माणूस बजावतो आहे, ‘“घड कापू?” “नको, थांब.”’ असे वाचले तर मुलगा विचारतो आणि बाप उत्तर देतो. दोन मुलांना समोर उभे करून दोन्ही प्रकारे मोठ्याने वाचायला लावावे, म्हणजे स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह आणि अवतरणचिन्ह कशासाठी असतात हे मुलांना स्वतःच्या आवाजातूनच उमगते. (जुन्या मराठी लेखनात ही चिन्हे नव्हती, ती रुजवण्याचे श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी, 1804–1877, यांना दिले जाते.)

पात्राच्या तोंडी अहिराणी, म्हणजे खानदेशातील बोली, आली, तर ती कृपा करून खोडू नये. ‘“कथा जाई ऱ्हायना?” आजोबांनी विचारले.’ (म्हणजे ‘कुठे जातो आहेस?’) यात अवतरणातील बोली तशीच ठेवावी आणि निवेदनाची प्रमाण मराठी मात्र काटेकोर तपासावी. तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुकीवर खूण करावी. सगळी वही लाल झाली, की मूल पुढच्या वेळी जपून, तोकडे लिहिते.