युरोपच्या १५००–१८०० या काळाच्या इतिहासात एमए करताय? या चुका टाळा

अर्जात विषय बहुधा असा असतो: ‘धर्मसुधारणा चळवळीचे युरोपवरील परिणाम’. ब्रिटनमधला एमए साधारण एक वर्षाचा, आणि प्रबंधिका बहुतेक ठिकाणी बारा-पंधरा हजार शब्दांची. तेवढ्या जागेत १५१७ मध्ये ही चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरपासून तीस वर्षांचं युद्ध संपवणाऱ्या १६४८ च्या वेस्टफालिया तहापर्यंतचा युरोप बसवायला गेलं की हाती पाठ्यपुस्तकाचा सारांश उरतो. आधी विषय आणि मग साधनं, हा क्रमच उलटा आहे. कोणती कागदपत्रं मिळतात आणि त्यातली कोणती आपल्याला वाचता येतात, हे आधी पाहा. प्रश्न त्यांतूनच निघतो.

वाचता येणं म्हणजे नुसती भाषा येणं नव्हे. इंग्रजी येतं म्हणून इंग्लंड निवडणाऱ्यांना सोळाव्या शतकातलं ‘सेक्रेटरी हँड’ हे वळण पाहिल्यावर ते इंग्रजी आहे हेच पटत नाही. मोडी शिकलेल्यांना हा धक्का ओळखीचा आहे, म्हणून ते लवकर सावरतात. ब्रिटनच्या नॅशनल आर्काइव्हजचे १५०० ते १८०० या काळातल्या हस्ताक्षरांचे मोफत ऑनलाइन धडे आहेत. ते प्रवेश मिळाल्यावर नव्हे, अर्ज करण्याआधी करा. जर्मन मुळीच येत नसेल तर ल्यूथरच्या विटेनबर्गचा नाद सोडा. पोर्तुगीज शिकायची तयारी असेल, तर लिस्बन आणि गोवा यांच्यातल्या पत्रव्यवहाराचे खंडच्या खंड पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत. आपल्याकडची मुलं तिकडे फारशी वळत नाहीत, याचं मला नवल वाटतं.

सगळ्यात महागात पडतात त्या तारखा. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये पंचांग सुधारलं आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये ४ ऑक्टोबरनंतर थेट १५ ऑक्टोबर उजाडला. हॉलंडने ते लवकरच स्वीकारलं, इंग्लंडने मात्र १७५२ पर्यंत नाही. शिवाय इंग्लंडचं नवं वर्ष तोवर २५ मार्चला लागायचं. आता सुरत घ्या. शिवाजी महाराज सुरतेवर आले ती इंग्रजांची तारीख ६ जानेवारी, डचांच्या हिशेबाने तोच दिवस १६ जानेवारी. इंग्रजांच्या पत्रावर वर्ष १६६३ दिसेल, डचांच्या पत्रावर १६६४. दोन्ही वखारींचे कागद शेजारी ठेवून ‘डचांना बातमी दहा दिवस उशिरा कळली’ असा निष्कर्ष काढला, की प्रबंधिकेचं एक अख्खं प्रकरण कोसळतं. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या पंचांगाची आहे; नव्या पंचांगाने ती १६ जून.

उपाय किचकट नाही. टिपणात मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा, शेजारच्या रकान्यात बदललेली लिहा. जानेवारी ते २४ मार्चच्या इंग्रजी तारखांना १६६३/६४ असं जोडवर्ष द्या. फरक १७०० च्या फेब्रुवारीपर्यंत दहा दिवसांचा, त्यानंतर अकरा. स्कॉटलंडने १ जानेवारीचं नवं वर्ष १६०० पासूनच धरलं होतं, तेव्हा एडिंबरोच्या कागदांना लंडनचा नियम लावू नका. शके आणि तिथी जुळवायला जंत्री वापरण्याची सवय असलेल्याला यात नवीन काहीच नाही.

राजांच्या क्रमांकांचंही तसंच. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचाच राजा होता, पण क्रमांक वेगळा: स्पेनचा फिलिप दुसरा तो पोर्तुगालचा फिलिप पहिला. पोर्तुगीज पत्रात ‘फिलिप दुसरा’ दिसला तर तो स्पेनचा तिसरा समजा. आणि तीस वर्षांचं युद्ध ‘जर्मनीने’ सुरू केलं असं लिहू नका. १६१८ मध्ये त्या नावाचं राज्यच नव्हतं, आणि ठिणगी पडली ती प्रागमध्ये.

जुन्या छापील पुस्तकांच्या डेटाबेसमध्ये काही सापडत नसेल तर ‘साधनच नाही’ असं लगेच म्हणू नका. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ (ſ) अक्षरं ओळखणाऱ्या मशीनला ‘एफ’ वाटतो, त्यामुळे ‘सक्सेस’ तिथे ‘फक्सेफ्स’ होऊन बसलेला असतो. दोन्ही अक्षरं घालून शोधा. स्पेलिंग तर एकाच पत्रात दोनदा बदलतं. शिवाजी महाराजांचं नाव इंग्रजांच्या कागदांत ‘सेवाजी’सारख्या निरनिराळ्या रूपांत येतं. पैशांची बेरीज करताना बारा पेन्सचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड हे विसरून थेट एक्सेलमध्ये दशांश टाकले तर सगळा ताळेबंद चुकतो.

निम्मं वर्ष सरलं तरी हस्ताक्षर लागत नाही असं झालं, तर हट्ट सोडून छापील साधनांकडे वळा. भारतातल्या इंग्रज वखारींसाठी विल्यम फॉस्टर यांनी संपादित केलेले १६१८ ते १६६९ या काळाचे खंड आहेत. फक्त एक पथ्य पाळा: त्यात अनेक पत्रांचा गोषवारा आहे, मूळ मजकूर नाही. गोषवाऱ्यातलं वाक्य अवतरणचिन्हांत घालून ते कारकुनाच्या तोंडी देऊ नका. ज्या दोन-चार पत्रांवर तुमचा मुद्दा उभा आहे, तेवढ्यांच्या मूळ प्रतींची छायाचित्रं मागवा.