पुनर्बांधणीच्या हंगामात विनोद लिहायला जाणाऱ्यांसाठी

एकांकिका स्पर्धांचा मोसम संपला की नाशिकमधले दोन-तीन तरुण लेखक दरवर्षी मला गाठतात आणि दूरचित्रवाणीवरच्या विनोदी कार्यक्रमात लेखक म्हणून शिरायचे कसे, असे विचारतात. कार्यक्रम जोरात चालू असतो तेव्हा तिथे कोणालाही जागा नसते, हे मी त्यांना आधीच सांगून टाकते. जागा होते ती मोडतोडीच्या वर्षी. दोन-तीन लाडके कलाकार निघून गेलेले असतात, त्यांच्या मागोमाग त्यांची नस ओळखून लिहिणारा लेखकही गेलेला असतो, वाहिनीने कार्यक्रमाची वेळ बदललेली असते आणि निर्मात्याला कमी पैशांत भराभर लिहिणारी माणसे हवी असतात. मला काम मिळाले ते अशाच एका वर्षी, त्यामुळे पुढचे सगळे अशा हंगामात पहिले पाऊल टाकणाऱ्यासाठीच आहे.

असे हंगाम आपण सर्वांनी पाहिले आहेत. ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू होऊन २०२४ मध्ये थांबला आणि २०२५ मध्ये परतला तेव्हा सूत्रसंचालनाला निलेश साबळे यांच्या जागी अभिजीत खांडकेकर होते, आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ गाजवलेले गौरव मोरे या मंचावर आले होते. हास्यजत्रेतूनही विशाखा सुभेदार यांच्यासारखी भक्कम अभिनेत्री २०२२ मध्ये बाहेर पडली, तरी तो कार्यक्रम चालत राहिला. मी ज्या कार्यक्रमात होते तो या दोन्हींपैकी नाही आणि त्याचे नाव सांगण्याची गरज मला वाटत नाही.

माझी तयारी नाशिकचीच होती. साईखेडकर नाट्यमंदिरात राज्य हौशी नाट्य स्पर्धेचे प्रयोग बघत आणि पुढे त्यांतच प्रॉम्प्टिंग करत माझी सात-आठ वर्षे गेली होती. त्या कार्यक्रमाच्या मुख्य लेखकाने, ज्यांना सगळे दादा म्हणत, माझी एक एकांकिका पाहून तीन प्रहसने लिहून मागितली. त्यांतले एक कांद्याच्या लिलावावर होते, दुसरे द्राक्षबागेत फोटो काढायला आलेल्या पाहुण्यांवर आणि तिसरे एका मंगल कार्यालयातल्या व्यवस्थापकावर. तिसरे त्यांना आवडले, कारण त्यातला माणूस प्रत्येक वाक्याला ‘ऐक ना भो’ म्हणत समोरच्याला ऐकूच देत नव्हता. पुढच्या सोमवारी सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मी दादरला उतरले.

पहिल्या आठवड्यात मी जी चूक केली तीच जवळजवळ प्रत्येक नवा माणूस करतो. कार्यक्रम सोडून गेलेल्या एका अभिनेत्रीची लकब मला पाठ होती. वाक्याच्या शेवटी ती आवाज अशी काही खाली आणायची की प्रेक्षकांचा हशा त्या उतारावरच सुरू व्हायचा. मी चौदा पानांचे प्रहसन लिहिले, तिच्या जागी आलेल्या मुलीने ते मन लावून वाचले आणि वाचनाच्या खोलीत कोणी खोकलेसुद्धा नाही. वाचन संपल्यावर दादांनी मला बाजूला घेतले. “कोणासाठी लिहिलंस हे?” मी नव्या मुलीचे नाव सांगितले. ते म्हणाले, “नाही. जी गेली तिच्यासाठी लिहिलंस. ही बिचारी तिची नक्कल करत बसली.”

त्या रात्री गोरेगावच्या भाड्याच्या खोलीत मला झोप लागली नाही, आणि मी अमेरिकेतल्या ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या प्रहसनांच्या कार्यक्रमाचा इतिहास नव्या नजरेने वाचायला घेतला. हा कार्यक्रम आधीपासून माहीत होता, पण त्यातले गाजलेले हंगाम सोडून पडझडीचे हंगाम बघावेत, असे कधी वाटले नव्हते. नवोदितांनी उलट करावे, असा माझा आग्रह आहे. उत्तम हंगामात सगळे काही आपोआप घडल्यासारखे दिसते, तर फसलेल्या हंगामात सांधे उघडे पडतात आणि कुठे काय जोडले होते ते कळते.

११ ऑक्टोबर १९७५ रोजी न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाहिनीवर सुरू झालेला हा कार्यक्रम दर शनिवारी रात्री साडेअकराला थेट प्रक्षेपित होतो. पाच वर्षांनी, १९८० मध्ये, त्याचे निर्माते लॉर्न मायकल्स बाहेर पडले आणि उरलेला मूळ संचही गेला. मायकल्स यांच्या जागी आलेल्या निर्माती जीन डुमेनियन यांनी सगळेच नवे कलाकार घेतले. समीक्षकांनी प्रत्येक नव्या चेहऱ्यात जुना चेहरा शोधला, लेखनही जुन्याच साच्यातले होत राहिले आणि १२ भागांनंतर निर्मातीला जावे लागले. मात्र याच पडलेल्या हंगामात एडी मर्फी नावाचा १९ वर्षांचा मुलगा दुय्यम कलाकार म्हणून कोपऱ्यात बसलेला होता. जानेवारी १९८१ मधल्या एका भागात प्रहसने लवकर संपली, शेवटी काही मिनिटे उरली आणि ती भरून काढायला त्याला एकट्याला मंचावर सोडण्यात आले. त्याने स्वतःचे पाठ असलेले बोलणे सादर केले आणि त्यानंतर त्याला कोणी मागे ठेवू शकले नाही. पुढची काही वर्षे तो कार्यक्रम मुख्यतः त्याच्याच बळावर तगला. या गोष्टीकडे नशीब म्हणून न बघता लेखकाच्या बाजूने बघावे. इतके महिने लेखकांच्या खोलीत तो मुलगा सर्वांच्या डोळ्यांसमोर होता आणि त्याला काय येते, हे विचारायला कोणाला सवड झाली नव्हती.

मायकल्स १९८५ मध्ये परतले तेव्हा त्यांनी केलेली चूक वेगळी होती. त्यांनी नावाजलेली माणसे गोळा केली. रॉबर्ट डाउनी ज्युनियर, अवघ्या १७ वर्षांचा अँथनी मायकल हॉल, जोन क्यूसॅक, रँडी क्वेड. हे सगळे चित्रपटांतले चांगले नट, पण पाच मिनिटांच्या प्रहसनात आपली अशी एक व्यक्तिरेखा घेऊन उभे राहण्याची सवय त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हती. त्या वर्षीही जो उठून दिसला तो जॉन लोविट्झ, कारण त्याच्याजवळ धादांत खोटे बोलत स्वतःच त्या थापेत अडकत जाणारा एक माणूस तयार होता. मे १९८६ मधल्या शेवटच्या भागात कलाकार जळत्या खोलीत अडकले आहेत आणि मायकल्स त्यांतून फक्त लोविट्झला बाहेर काढतात, असे दृश्य होते. इतकी क्रूर थट्टा स्वतःच्याच संचाची करणारा निर्माता मी दुसरा पाहिला नाही. पुढच्या हंगामात लोविट्झबरोबर नोरा डन आणि डेनिस मिलर उरले, त्यांच्या जोडीला डेना कार्व्ही, फिल हार्टमन आणि जॅन हुक्स आले आणि कार्यक्रम सावरला. हार्टमन आणि लोविट्झ लॉस एंजेलिसच्या ‘ग्राउंडलिंग्ज’ या मंडळीतले होते, जिथे नट आपली पात्रे प्रेक्षकांसमोर घासूनपुसून तयार करतात. १९९५ मध्ये अॅडम सँडलर आणि ख्रिस फार्ली गेल्यावर आलेले विल फेरेल आणि शेरी ओटेरी त्याच मंडळीतून आले, आणि त्या दोघांनी मिळून उभ्या केलेल्या चीअरलीडरच्या जोडीने त्या हंगामाला चेहरा दिला.

या सर्व वाचनातून माझ्या हाती एवढेच लागले की पुनर्बांधणीच्या वर्षी लेखकाने विषयापासून सुरुवात करू नये, समोर बसलेल्या नटापासून करावी. विषय कोणालाही सुचतात. नव्या नटाला काय येते, हे मात्र त्याला स्वतःलाही नीट माहीत नसते आणि ते शोधून देणे हे त्या वर्षी लेखकाचे पहिले काम ठरते.

मग मी ज्या मुलीचे वाचन फसले होते तिच्याबरोबर जेवायला बसू लागले. ती मूळची सिन्नरकडची निघाली, त्यामुळे बोलणे लवकर सुरू झाले. कॅमेऱ्यासमोर ती फार बोलू लागली की पडायची. पण कोणी दुसरा बढाया मारत असताना ती डबा उघडता उघडता ज्या नजरेने त्याच्याकडे बघायची, त्या नजरेवर आम्ही सगळे हसत असू. मी तिच्यासाठी बँकेतली एक कारकून लिहिली. समोरचा गिऱ्हाईक सलग तीन मिनिटे बोलतो आणि हिच्या वाट्याला फक्त चार वाक्ये. ते प्रहसन शूटिंगपर्यंत पोहोचलेले माझे पहिले.

कामाची रीत आधीच समजून घ्यावी म्हणजे धक्का बसत नाही. अमेरिकेतल्या त्या कार्यक्रमात सोमवारी पाहुण्या कलाकारासमोर कल्पना मांडतात, मंगळवारची रात्र लिहिण्यात जाते, बुधवारी सुमारे ४० प्रहसनांचे सामूहिक वाचन होते आणि त्यांतली डझनभर पुढे जातात. शनिवारी रात्री आठला प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम होते आणि तिच्यानंतरही काही प्रहसने गळतात. आमच्याकडे थेट प्रक्षेपण नव्हते. काही दिवसांच्या शेड्यूलमध्ये अनेक भागांचे चित्रीकरण व्हायचे, त्यामुळे लेखकाला आठवडाभर एकाच प्रहसनावर बसण्याची चैन नसायची आणि सेटवर दिवे लागलेले असताना शेवट बदलून द्यावा लागायचा. गळतीचे प्रमाण मात्र आमच्याकडेही तसेच. माझ्या पहिल्या दहा प्रहसनांपैकी दोनच उभी राहिली. गळलेले प्रहसन त्याच दिवशी दुसऱ्या नटाच्या गळ्यात मारायला जाऊ नये. मी तो उद्योग केला आणि ते दुसऱ्यांदा पडले.

नटांनी ऐन वेळी घातलेल्या वाक्यांबाबत नव्या लेखकाची फार ओढाताण होते, म्हणून थोडे सविस्तर सांगते. १९८६ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मधल्या डेमन वेयन्स या तरुण नटाने पोलिसाची छोटी भूमिका तालमीत ठरल्यापेक्षा अगदी वेगळ्या ढंगाने थेट प्रक्षेपणात केली आणि त्याला काढून टाकण्यात आले. तो पुढे मोठा झाला, पण त्या रात्री सहकाऱ्याचे प्रहसन त्याने मोडले, हेही खरेच. आपल्याकडे सेटवर घातलेल्या वाक्याचे कौतुक होते आणि पुष्कळदा ते वाक्य आपल्या वाक्यापेक्षा सरस असते. अशा वेळी रुसून बसू नये. ते वाक्य वहीत उतरवून घ्यावे, कारण त्या नटाला काय येते याचा पुरावाच त्याने आपल्या हाती दिलेला असतो. मात्र त्या वाक्यामुळे पुढच्या पात्राची एंट्री मरत असेल, तर दिग्दर्शकाला तिथल्या तिथे सांगावे. संकलनाच्या टेबलावर सांगून उपयोग होत नाही.

टिकून राहिलेल्या जुन्या कलाकारांपासून नवे लेखक बिचकतात. वास्तविक अशा हंगामात तेच आपले आधार असतात, कारण प्रेक्षक त्यांना ओळखतात आणि त्यांच्या शेजारी उभा केलेला नवा नट प्रेक्षक अधिक लवकर स्वीकारतात. आमच्याकडचे एक ज्येष्ठ कलाकार नव्यांच्या प्रहसनात मुद्दाम कमी वाक्यांची भूमिका मागून घेत. मी त्यांना काका म्हणत असे आणि त्यांच्याकडून ‘हशा येऊ दे, मग बोल’ एवढे सोडून दुसरी सूचना कधी आली नाही.

पैशांचे थोडक्यात सांगते. एका निर्मितीसंस्थेने माझा मोबदला कित्येक महिने अडकवून ठेवला होता, आणि करार तोंडी असल्यामुळे मला भांडताही आले नाही. लेखी करारात प्रत्येक भागाचा दर, पैसे मिळण्याची मुदत आणि श्रेयनामावलीतले नाव या तीन गोष्टी असल्याशिवाय पान देऊ नये. मुंबईतल्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्य व्हावे आणि आपले लेखन तिथे नोंदवून ठेवावे. ही नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी नाशिकहून जावे लागत नाही.

मुंबईला कायमचे राहायला जावे का, असेही मुले विचारतात. पहिल्या वर्षी जाऊ नये, असे माझे मत आहे, यात माझा गावाविषयीचा लोभ असेल तर असो. मी शेड्यूल संपले की परत येत असे आणि शालिमारपासून रविवार कारंजापर्यंत चालत जाण्यात जितकी पात्रे मिळत तितकी गोरेगावच्या खोलीत कधीच मिळाली नाहीत. ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ने ५० वर्षे पूर्ण करून २०२५ मध्ये ५१वा हंगाम सुरू केला तेव्हा पाच कलाकार गेले होते आणि पाच नवे आले होते. त्या नव्यांतला बेन मार्शल २०२१ पासून त्याच कार्यक्रमात लेखक होता. लेखकाच्या खोलीतून मंचावर जाण्याची वाट असते, हे ऐकून माझ्याकडे येणाऱ्या मुलांचे डोळे चमकतात. मी त्यांना आधी वही आणायला सांगते आणि साईखेडकरच्या तालमीत शेवटच्या रांगेत बसवते. ज्याला एकही वाक्य नाही असा एक नट निवडायचा आणि तालीम संपेपर्यंत फक्त त्याच्याकडेच बघायचे. मागच्या वेळी एका मुलीने जो निवडला तो भालदार होता. दोन तास हातात भाला घेऊन उभा राहिलेला हा मुलगा राजाचे लांबलचक स्वगत चालू असताना पायाची बोटे मोजत होता, असे तिने लिहून आणले. पुढच्या रविवारी तिने त्याच्यासाठी चार पाने लिहिली.