जुन्या गाडीवरचा पहिला खर्च
स्वस्तात घेतलेली जुनी मारुती 800 हाती आल्यावर सीट कव्हर आणि रंगकामाआधी टायर व ब्रेक तपासावेत. टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात, 2319 म्हणजे तो 2019 च्या 23व्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत असली, तरी रबराला भेगा पडल्या असतील तर टायर बदलावाच. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनांक घटतो आणि लांब घाट उतरताना ब्रेक तापले, की ते ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पेडल पायाखाली मऊ पडून खोल जाऊ लागते. म्हणून ते शेवटचे कधी बदलले हे ठाऊक नसल्यास मेकॅनिककडून पूर्ण बदलून घ्यावे. टायमिंग बेल्टलाही, म्हणजे इंजिनच्या झडपांची उघडझाप वेळेवर ठेवणाऱ्या पट्ट्यालाही, हाच नियम लावावा.