पट्टी गरकन फिरली तेव्हा

ड्रिल प्रेसवर, म्हणजे खांबाला बसवलेल्या उभ्या ड्रिल मशीनवर, 2 मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीत 10 मिमीचं भोक पाडत होतो. एकच तर भोक, म्हणून पट्टी नुसती हातानं दाबून धरली होती. बिट खालून बाहेर पडता पडता पत्र्यात अडकलं आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी गरकन फिरली. अंगठ्याला निसटती चाटून गेली. हातमोजे नव्हते हे नशीबच. फिरत्या बिटात मोजा गुंतला की तो हातही ओढून नेतो.

मग मशीनच्या बेल्टचं झाकण उघडलं, तर पुली अजून लाकडासाठीच्या जास्त वेगावर. 10 मिमी बिटला साध्या लोखंडात मिनिटाला साधारण 800 फेरे पुरतात. प्लग काढून बेल्ट खालच्या वेगावर घेतला. पट्टीखाली लाकडी फळी ठेवली, दोन्ही क्लॅम्पनं टेबलाला आवळली आणि पट्टीचं लांब टोक मशीनच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकवलं. बिट वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतं, त्यामुळे क्लॅम्प सुटला तरी टोक खांबावरच अडतं. शेवटच्या मिलिमीटरला हँडलवरचा जोर कमी केला.

भोक स्वच्छ पडलं. चकची, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्याची, चावी आता प्लगच्या वायरलाच बांधली आहे. प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत पोचतच नाही.