उन्हाळ्यात दुपारीच एमसीबी पडते? मोठी बसवण्याआधी हे तपासा

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 42-43 अंशांवर जातो. पूर्व भागातल्या यंत्रमागांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंद डीबीच्या (एमसीबी बसवायच्या डब्याच्या) आत तर त्याहूनही जास्त. मग सकाळी जो लोड निमूट चालतो, त्याच लोडवर दुपारी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडते आणि सल्ला मिळतो: "एक नंबर मोठी टाका."

कृपया टाकू नका. एमसीबी वायरच्या रक्षणासाठी असते. 16 अँपिअरच्या जागी 32 ची बसवली, तर 2.5 चौरस मिमीची वायर जळेपर्यंत ती पडणारच नाही. आणि शेडमध्ये सगळीकडे सुताचा तूस असतो.

एमसीबीतली बायमेटलची (दोन धातूंची) पट्टी तापली की वाकते. ती करंटने तापली की हवेने, हे तिला कळत नाही. घरगुती एमसीबीचा आकडा साधारणपणे 30 अंशांना धरून ठरवलेला असतो. डीबीत 50 अंश झाले की 16 ची एमसीबी 14 च्या आसपासच टिकते. नेमका आकडा कंपनीच्या तक्त्यात मिळतो.

म्हणून आधी भर दुपारी, सगळं चालू असताना, वायरमनकडून क्लॅम्प मीटरने करंट मोजून घ्या. तासन्‌तास 13-14 अँपिअर जात असेल तर थोडा लोड दुसऱ्या सर्किटवर घ्या.

करंट कमी असूनही पडत असेल, तर बहुतेक वेळा गडबड टर्मिनलवर असते. मेन बंद करून टेस्टरने खात्री करा. मेनच्या वरच्या बाजूला सप्लाय तरीही जिवंत असतो, तिथे हात नको. स्क्रूजवळचं इन्सुलेशन तपकिरी, कडक झालंय का? जळका वास येतो का? सैल जोडावर करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. काळवंडलेलं टोक कापून टाका, ताजी तांब्याची तार काढा, बारीक तारांच्या वायरला लग (धातूचं टोक) क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा, आणि स्क्रू कंपनीने सांगितलेल्या ताकदीनेच आवळा. ॲल्युमिनियमची वायर तापून-निवून सैल पडते, तेव्हा ती दर मार्चमध्ये तपासाच. एमसीबीचं प्लास्टिकच करपलं असेल तर ती बदला.

जास्त लोडच्या एमसीबी शेजारी-शेजारी ठेवू नका, एकमेकींना तापवतात. मध्ये रिकामी जागा सोडा. डीबी पश्चिमेच्या उन्हाच्या भिंतीवर नको. सप्लाय बंद करून आतला तूस ब्रशने काढा, पण दार उघडं ठेवून गारवा मिळवू नका.

इलेक्ट्रॉनिक कार्डांनाही हाच नियम. काचेच्या फ्यूजचा आकडा साधारण 25 अंशांचा असतो. त्यातून कायमचा करंट 75 टक्क्यांच्या आतच ठेवा. आपोआप पूर्ववत होणारा पीटीसी फ्यूज उष्णतेत आणखी लवकर करंट तोडतो, त्यामुळे तो ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकपासून लांब बसवा.

एवढं करूनही दुपारी पडत असेल, तर वायर आणि एमसीबी दोन्हींचं गणित एकत्र करून घ्या. हायड्रॉलिक-मॅग्नेटिक ब्रेकरही मिळतात. महाग आहेत, पण त्यांच्या ट्रिपच्या आकड्यावर हवेच्या उष्णतेचा फारसा परिणाम होत नाही.